ऑस्करचा शेजार

व्यापारात भागीदार निवडताना त्याचे भांडवल पाहिले जाते, तसा स्वभावही पाहिला जातो. घरातील मत्स्यपेटीत मोठ्या माशाला सोबती निवडतानाही हीच दक्षता लागते. न जमलेली भागीदारी हिशेब करून मोडता येते. काचेच्या पेटीत सापडलेल्या माशाला मात्र पळून जाण्यास जागाच नसते. त्याचा शेजार दुसऱ्याने ठरविलेला असतो, आणि त्या शेजाराचे परिणाम तो एकटा भोगतो.

सांगलीतील हळदीच्या एका व्यापारी घराण्यात नातवाच्या हट्टामुळे ऑस्कर मासा आणण्याचे ठरत होते. दुकानात पाहिलेले पिल्लू जेमतेम अडीच इंचांचे, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेले आणि माणूस जवळ येताच काचेपाशी धाव घेणारे होते. त्याच्यासोबत कोण असावे, याची यादीही नातवाने तयार ठेवली होती : गप्पी, निऑन टेट्रा, दोन गोल्डफिश आणि एक एंजल. रंगसंगती म्हणून यादी सुरेख होती. घरातील वडीलधाऱ्या अण्णांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "बाळ, हा मासा मोठा होऊन केवढा होतो?"

या प्रश्नाच्या उत्तरातच साऱ्या निवडीचे मर्म आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील हा मासा चांगल्या पाण्यात वर्ष-दीड वर्षात जवळजवळ एक फूट लांबीचा होतो आणि दहा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. तोंडात मावेल तो जीव भक्ष्य, हा त्याचा साधा नियम. त्यात दुष्टपणा नाही. तो त्याचा निसर्गधर्म आहे. गप्पी आणि टेट्रा यांचा निकाल तेथेच लागतो. एंजलचे शरीर चपटे, चाल संथ आणि पंख लांब. ते कुरतडले जाण्याची भीती मोठी. गोल्डफिशला तुलनेने थंड पाणी मानवते, तर ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणजे गोल्डफिश गिळला गेला नाही, तरी दोघांपैकी एकाला कायम प्रतिकूल पाण्यात राहावे लागते.

पेटी स्वच्छ राहावी म्हणून पुष्कळजण शेवाळ खाणारा लहानसा सकर मासा आणून सोडतात. त्याच्या अंगावर कठीण कवच असते आणि पंखांना ताठ काटे असतात. ऑस्करने तो गिळण्याचा प्रयत्न केला तर काटे घशात अडकतात आणि गिळणारा व गिळला जाणारा, दोघेही प्राणास मुकतात. तोच सकर ऑस्करच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा असेल, तर दोघे वर्षानुवर्षे एकत्र नांदू शकतात. तेव्हा केवळ जात पाहून भागत नाही; आकारही पाहावा लागतो.

ऑस्करला साजेसे सोबती त्याच्याच दक्षिण अमेरिकेत सापडतात. सेव्हरम हा सुमारे आठ इंच वाढणारा, तुलनेने शांत मासा त्यांपैकी एक. दुसरा सिल्व्हर डॉलर : रुपयासारखा गोल, चंदेरी, अंगाने उंच, त्यामुळे सहजी न गिळला जाणारा. तो पाच-सहांच्या थव्याने निर्धास्त फिरतो आणि त्याला पाहून ऑस्करही स्थिरावतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीत मासे मात्र येथे नकोत. त्यांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागते आणि त्यांचा स्वभावही भांडखोर असतो.

यापुढचा हिशेब जागेचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटीत ते ३४० लिटर होते. एकट्या ऑस्करला ही दुसरी पेटी लागते. सोबती आणायचे तर त्याहूनही मोठी. जागा अपुरी असली की सौम्य मासाही आक्रमक होतो. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवावा, म्हणजे रोग पसरत नाही. मोठा मासा पेटीचा मालक होऊन बसण्यापूर्वी सोबती आत सोडावेत. मालकी आधीच प्रस्थापित झाली असेल, तर दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या सीमा पुसल्या जातात.

अण्णांनी हे सर्व समजून घेतले आणि मग मुख्य गोष्टीकडे वळले. ऑस्कर मांसभक्षी आहे. त्याच्या तयार दाण्यांतही बहुधा मासळीची पूड असते, आणि काही लोक तर त्याला जिवंत लहान मासे घालतात. त्यातून रोगही येतात. हे आपल्या घराला मानवणारे नसेल, तर तो मासा आणून उपाशी ठेवणे ही अहिंसा नव्हे, आणि कंटाळा आल्यावर जीवदया म्हणून नदीत सोडून देणे तर मुळीच नव्हे. परदेशी सकर मासा अशाच मार्गाने आपल्या नद्या-तलावांत पसरला आणि तेथील मूळच्या माशांच्या जिवावर उठला.

"मग काय आणायचे?" नातवाने विचारले.

"ज्याचे जेवण आपण आनंदाने वाढू शकू, तो," अण्णा म्हणाले.

अखेर चार फुटांच्या पेटीत सहा सिल्व्हर डॉलर आले. मुख्यतः वनस्पतींवर जगणारा हा मासा पालकाचे पान मिनिटांत फस्त करतो. चातुर्मासात त्या घरी पालेभाजी येत नाही, हे नातवाच्या ध्यानात आले, तेव्हा त्याने स्वतःच त्यावर उपाय शोधला. त्या चार महिन्यांत माशांना काकडीच्या चकत्या आणि उकडलेला मटार मिळतो, आणि ते वाढण्याचे काम दुसऱ्या कोणाला करू दिले जात नाही.