'शीळ', तुला मेहकरहून

प्रिय 'शीळ',

1932 साली एचएमव्ही कंपनीने तुझ्या गाण्याची रेकॉर्ड काढली, आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे आजही बहुतेक तुझ्यापासूनच सुरुवात करतात. तो मान तुझा आहे. मात्र तुझ्या या कौतुकात तुला लिहिणाऱ्या आमच्या कवीच्या वाट्याला काय आलं, ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून हे पत्र.

तू आलीस तेव्हा मराठी रेकॉर्ड म्हणजे मुख्यतः नाट्यपदं, नाहीतर रागदारी. कविता गाऊन दाखवायची रीत पुण्याच्या रविकिरण मंडळाने रुजवली होती खरी, पण त्यासाठी सभेला हजर राहावं लागे. तुझं तसं नव्हतं. लाखेची काळी तबकडी, सुमारे तीन मिनिटांची एक बाजू. चावी द्यायची, नवी पिन लावायची, आणि थोड्या खरखरीनंतर जी. एन. जोशींचा आवाज सुरू व्हायचा. आमच्याकडे तेव्हा रेडिओही नव्हता. नागपूर आकाशवाणी 1948 ची. अशा काळात शेंदुर्जनला जन्मलेल्या, विशी नुकतीच ओलांडलेल्या ना. घ. देशपांड्यांचे शब्द घरोघरी पोहोचले ते तुझ्यामुळे.

आणि शब्द तरी कसे! त्यात खेड्यातली एक पोर थोर कुळातल्या आपल्या प्रियकराला काळवेळेचं भान नसल्याबद्दल रागावते. रागावते, पण मन त्याच्याकडेच ओढ घेतं. भाषा तिची, शेताबांधावरची. दोघांच्या कुळांमधलं अंतर तिला पुरतं ठाऊक आहे, म्हणून तिच्या लाडिक तक्रारीत भीतीही आहे. शहरातल्या दिवाणखान्यांत ही बोली प्रेमाची भाषा म्हणून ऐकली गेली, हे मला तुझं सर्वांत मोठं काम वाटतं. चाल गोड होती म्हणून तू गाजलीस, असं म्हणणाऱ्यांनी तुझे शब्द नीट ऐकलेलेच नाहीत.

पुढे काय झालं? जोशी वकिलीचं शिक्षण घेतलेले; ते एचएमव्हीतच रुजू झाले आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात मोठे झाले. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांचा 1967 चा जगभर गेलेला 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याच निर्मितीचा. कवीही वकीलच, पण ते मेहकरला राहिले, पैनगंगेकाठी. कविता लिहिणं सुरू होतं; पुस्तकाची घाई त्यांना कधीच नव्हती. पहिला संग्रह आला 1954 मध्ये, म्हणजे तुझ्यानंतर तब्बल 22 वर्षांनी, आणि त्याचं नावही 'शीळ'. नंतर 1963 मध्ये 'अभिसार', 1985 मध्ये 'खूणगाठी'. या तिसऱ्या संग्रहाला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते सत्त्याहत्तरीत होते.

एवढं होऊनही ना. घ. म्हटलं की लोक तुझंच नाव घेतात. तुझा त्यात दोष नाही. गाजलेलं गाणं कवीचा पत्ता होऊन बसतं आणि पाहुणे अंगणातूनच परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण 'खूणगाठी'तला कवी तुझ्यातल्या तरुणाहून खोल गेलेला आहे. उतारवयातही त्यांनी मेहकरच्या कंचनीच्या महालावर लिहिलं, 'कंचनीचा महाल' याच नावाने. आपल्या गावची एक पडकी वास्तू कवितेत आणायला कवीला गावातच आयुष्य काढावं लागतं. मुंबई-पुण्यात राहून हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

10 मे 2000 ला ना. घ. गेले. तुझी लाखेची तबकडी फुटली, झिजली, तरी तुझं गाणं आजही ऐकायला मिळतं. त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती न गायल्या गेलेल्या कवितांची. त्यांच्यामागे ना कंपनी, ना चाल. म्हणून हे पत्र तुझ्याबरोबर जे वाचत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती: 'शीळ' ऐकून झाली की 'खूणगाठी' वाचायला घ्या. आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांनो, वर्गात एक तरी तास ना. घं.ची कविता मोठ्याने वाचा.

तुझा,
मेहकरचा एक वाचक