चिंचोक्यांचा डबा

गेल्या महिन्यात माळा आवरताना डालड्याचा जुना डबा हाती लागला. झाकण उघडलं आणि आंबट, कुबट वास आला. आत आत्याचे चिंचोके होते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात कोजागरीला मसाला दूध पिऊन झालं की तीन पत्तीचा डाव बसायचा. प्रत्येकाला मोजून पन्नास चिंचोके. त्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही. मी दहा वर्षांचा, आत्याला टेकून तिची पानं बघत होतो. बदामाची राणी, अठ्ठी, तिर्री. कलर! बाबा आणि तिन्ही काका खेळात होते, कोणीच पॅक होत नव्हतं. थोरल्या काकांनी चाल दुप्पट केली आणि आत्यानं पानं उपडी ठेवली. मला रडू आलं. ती कानात म्हणाली, "एकटा समोर असता तर सोडलं नसतं रे. चौघं आहेत."

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि पुतण्याचा मोबाइलवरचा पोकर थांबला. डबा बघून तो म्हणाला, "काका, यावर ओमाहा खेळू या."

ओमाहात हातात चार पानं, मध्ये पाच उघडी. डाव लावताना हातातली नेमकी दोन घ्यायची आणि मधली नेमकी तीन. मध्ये चार इस्पिक पडले आणि तुमच्या हातात इस्पिकचा एक्का एकटाच असला, तर कलर होत नाही. जोडीला दुसरं इस्पिक लागतंच.

पाच जण बसलो. मला इस्पिकची राणी नि अठ्ठी, किलवर गुलाम, चौकट नव्वी. मध्ये इस्पिक छक्की, इस्पिक दुर्री, बदाम राजा. न दिसलेल्या 45 पानांत नऊ इस्पिक, म्हणजे पुढचं पान इस्पिक येण्याची शक्यता पाचात एक. ते आलं, तिर्री. माझा कलर झाला. पहिल्यानं चिंचोके लावले, दोघांनी तेवढेच टाकले, पुतण्यानं वाढवले.

चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. समोर चौघे, म्हणजे 24 जोड्या. इस्पिकचा एक्का आणि राजा, दोन्ही मला न दिसलेले. कुणाकडे दोन राजे असले आणि शेवटच्या पानानं मधल्या एखाद्या पानाची जोडी लागली, तर फुल हाउस माझ्या कलरला खाणार. एकाशी गाठ असती तर राणीचा कलर पुष्कळ झाला. मी पानं उपडी ठेवली. पुतण्याकडे काय होतं ते विचारलं नाही. त्या क्षणी मला जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर तो निर्णय बरोबर होता.

1967 साली सर्वोच्च न्यायालयानं के. सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीन पानांचा फ्लश मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला. ते वाचलं की मला आत्याची बाजू घ्यावीशी वाटते. पानं नशिबाची असतील, पण कोण चाल करायला रेंगाळला, कुणाचा हात चिंचोक्यांकडे आधी गेला, हे ती वाचत असे.

मग 1991 आठवतं. आजी आधीच गेली होती, आजोबा मृत्युपत्र न करता गेले. वाडा त्यांच्या स्वतःच्या कमाईचा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, म्हणजे आत्याचा पाचवा. ती विधवा, मागच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्यापुढे हक्कसोडपत्र आलं. तिनं सही केली. सगळे म्हणाले, मोठ्या मनाची. मीही वर्षानुवर्षं तेच अभिमानानं सांगत आलो.

पुढे कायदा मुळातून वाचला. त्यात कलम 23 होतं. घरची माणसंच राहत असलेल्या घरात मुलीला हिस्सा होता, पण भाऊ आपापले वाटे करायला तयार होईपर्यंत तिला वाटणी मागता येत नव्हती. एक्का तिच्या हातात होता, जोडीचं पान भावांकडे. सही करताना तिच्यासमोर चौघं बसले होते. त्यात माझे बाबाही होते.

ते कलम 2005 मध्ये रद्द झालं. आत्या 2003 मध्ये गेली.

बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणार असाल, तर आधी तिचा हक्क किती ते तिला नीट वाचून दाखवा. आणि सही मागायला सगळे भाऊ मिळून तिच्यासमोर बसू नका.