लॅब बंद करताना

सोमवार, ९ जून
कॉलेजच्या लॅबमधले सगळे पीसी संध्याकाळी सहाला आपोआप बंद व्हावेत, असा प्रोग्राम विभागप्रमुखांना हवा आहे. मागणी रास्त आहे, रात्रभर मशीन उगाच चालू राहतात. विंडोजमध्ये त्यासाठी ‘एक्झिटविंडोजईएक्स’ हे फंक्शन आहे. पण नुसतं बोलावलं की ते नकार देतं. मशीन बंद करायचा अधिकार यूजरकडे असला तरी प्रोग्रामच्या टोकनमध्ये, म्हणजे त्याच्या परवान्यांच्या नोंदीत, तो निष्क्रिय असतो, आधी मुद्दाम चालू करावा लागतो. ही अडवणूक मला मनापासून पटते.

मंगळवार, १० जून
त्या फंक्शनला ‘फोर्स’चा फ्लॅग दिला तर विंडोज उघड्या प्रोग्रामना काही विचारतच नाही. न दिला तर प्रत्येकाला निरोप जातो, की सत्र संपतंय, चालेल का? फाइल सेव्ह व्हायची असेल तर प्रोग्राम नाही म्हणू शकतो. आज सहा वाजून गेले तरी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करत बसली होती. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही. फोर्स लावायचा नाही, हे तिच्याकडे बघूनच ठरवलं.

गुरुवार, १२ जून
आज लिनक्सची मशीन. तिथे कर्नलचा ‘रीबूट’ कॉल दोन ठरावीक आकडे दिल्याशिवाय ऐकत नाही. दुसऱ्या जागी चालणारा एक आकडा ६७२२७४७९३. हेक्साडेसिमलमध्ये लिहून पाहिला तर २८१२१९६९, म्हणजे लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९! मुलांना दाखवलं, तर वर्गभर कुजबुज. धोका मात्र खरा आहे. हा कॉल थेट वापरला आणि आधी ‘सिंक’ केलं नाही, तर मेमरीत थांबलेला, डिस्कवर न पोचलेला मजकूर जातो. म्हणून लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीलाच सांगायचं. ती आधी प्रत्येक प्रोसेसला आवरायचा सिग्नल देते, सहसा ९० सेकंद वाट पाहते आणि मगच मारते.

शनिवार, १४ जून
स्टोअरमधल्या जुन्या पीसीवर विंडोज ९५ निघालं. शटडाउन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं आली, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. त्याच्या पॉवर सप्लायला साधं खटक्याचं बटण आहे, ते प्रोग्रामला दाबता येत नाही. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे वीज सांभाळायचं मानक आणलं. आज वीज तोडायचा हुकूम मशीनला त्याच्याच मार्गाने जातो.

सोमवार, १६ जून
विंडोजसाठी फंक्शन बदललं. नव्याला दहा मिनिटांची मुदत देता येते, पडद्यावर मराठीत सूचना दाखवता येते आणि मुदत संपायच्या आत शटडाउन रद्दही करता येतं. रद्द करायचा आयकॉन फक्त सरांच्या मशीनवर नको, प्रत्येक डेस्कटॉपवर हवा, असं विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, “मग मुलं रोजच रद्द करतील.” करू देत. रद्द केलं की अर्ध्या तासाने प्रोग्राम पुन्हा विचारेल, अशी सोय उद्या करतो.