चेटकिणींच्या गावात हिरव्या तोंडाची नात

ऑक्टोबरात लेकीकडे अमेरिकेला जायचं असेल, तर मेतकूट आणि गोड्या मसाल्याबरोबर खोबरेल तेलाची एक बाटली जास्तीची घ्या. केसांना नव्हे, तोंडाला लागते! कशी ते पुढे येईलच.

माझी लेक बोस्टनजवळच्या एका गावात राहते. गेल्या वर्षी मी पोचले तेव्हा झाडं पिवळीलाल झाली होती आणि घरोघर अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे बसवले होते. शेजारच्या सभ्य गृहस्थांच्या दाराशी तर जमिनीतून दोन हात वर आलेले! मी आपली पहिल्या दिवशी त्या बाजूने पाहिलंच नाही. "आई, हॅलोविन आहे," लेक हसून म्हणाली. ३१ ऑक्टोबरची ही संध्याकाळ. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत आले, त्यांनी ही चाल आणली. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावीत. इथे भोपळे उदंड, म्हणून भोपळा आला. मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात आणि चॉकलेटं गोळा करतात. आपल्याकडची शिमग्याची सोंगं आठवली म्हणजे यात नवल वाटायचं कारण नाही.

नात सात वर्षांची. घरात तिला चिऊ म्हणतात. तिला चेटकीण व्हायचं होतं, तीही हिरव्या तोंडाची. लेकीला ऑफिसातून मान वर करायला वेळ नाही, म्हणून रंगकाम आजीकडे.

आता मैत्रिणींनो, आधी माझी फजिती सांगते. दुकानातून आम्ही स्वस्तातला एक रंगाचा संच आणला. मला वाटलं, लहान मुलांसाठीच विकतात, त्यात काय पाहायचं? पण जावई जरा शंकेखोर. ते म्हणाले, "आधी हातावर लावून बघा." कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर हिरवा रंग लावला आणि संध्याकाळपर्यंत पोरीच्या हातावर तांबडे फोड! तो संच गेला केराच्या टोपलीत. तोंडाला फासला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला रात्री झोप नाही. तेव्हा कोणताही नवा रंग दोन दिवस आधी हातावर लावून पाहायचाच. डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचायचं. काही रंग गालाला चालतात, पण डोळ्यांजवळ चालत नाहीत. अंधारात चमकणारे रंग तर डोळ्यांच्या आसपास नेऊच नयेत.

दुसरा संच पाण्यात कालवायच्या रंगाचा आणला. तो सोसला. मग शनिवारी सकाळी चिऊला स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसवलं. तोंड धुऊन हलकंसं क्रीम लावलं आणि ते पुरतं जिरू दिलं. तेलकट क्रीम लावलंत तर वरचा रंग धरत नाही, ओघळतो. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा आणि फिका हिरवा रंग टिपत टिपत लावायचा. घासलात की पट्टे उमटतात. तो वाळला की गालफडांखाली, कानशिलांवर आणि नाकाच्या दोन्ही अंगांना गडद हिरवा. एवढ्यानेच गुबगुबीत गाल खोल गेल्यासारखे दिसतात, गंमत आहे. सुरकुत्यांसाठी तिला हसायला सांगितलं, हसताना जिथे घड्या पडल्या तिथेच बारीक कुंचल्याने तपकिरी रेघा ओढल्या. भुवया काळ्या करून टोकं कपाळाकडे वर नेली. पापण्यांच्या बाजूने मी रंग नेला नाही. थोडा जांभळा फक्त भुवईखाली. ओठ काळपट. चाटून खातील अशी मुलं असतील तर ओठांना काही लावूच नका.

राहिली हनुवटीवरची चामखीळ. लेक म्हणाली, दुकानात रबरी मिळते. मी डब्यातला एक चुरमुरा घेतला, खोट्या पापण्या चिकटवायच्या डिंकाच्या थेंबावर तो बसवला आणि वरून तपकिरी रंगाचं बोट टेकलं. हुबेहूब! लेक पाहातच राहिली. "आई, हे तुला कसं गं सुचलं?"

"सुचलं आपलं," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही सेलमला निघालो होतो. चेटकिणींचं गाव म्हणून ते अमेरिकाभर प्रसिद्ध. १९८२ पासून तिथे ऑक्टोबरभर जत्रा भरते. मोटारीने जाऊ नका, गाडी उभी करायला जागा मिळत नाही. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल गाडी आहे, अर्ध्या तासात नेते. आमच्या डब्यात एक सांगाडा, दोन पिशाच्चं आणि कडेवरचं एक भोपळ्याच्या कपड्यातलं बाळ होतं. चिऊच्या चामखिळीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

एसेक्स स्ट्रीटवर मोटारी येत नाहीत, नुसती माणसं. काळ्या टोप्यांचा पूर लोटलेला. पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण, आणि चौकात टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतल्या चेटकिणीचा पुतळा! रस्त्याच्या कडेला तोंडं रंगवून देणारे बसले होते. एकच स्पंज दहा पोरांच्या तोंडावरून फिरताना पाहिला आणि आपण घरून रंगवून आणलं ते बरं केलं असं वाटलं. एकाचे डोळे आले तर दहांना वाटप. तिथे रंगवायचंच असेल तर आपला स्पंज पर्समध्ये न्यावा.

या गर्दीत निम्म्या चेटकिणी हिरव्या. जावयांनी सांगितलं, हा रंग काही जुना नाही. १९३९ साली 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा सिनेमा आला, त्यात मार्गारेट हॅमिल्टन हिने हिरव्या तोंडाची चेटकीण केली, तेव्हापासून ती रूढ झाली. त्या हिरव्या रंगात तांबं होतं. चित्रीकरणात आगीचा भडका उडून तिचा चेहरा आणि हात भाजले, आणि भाजलेल्या कातडीवरून तो रंग स्पिरिटने पुसून काढावा लागला. त्याच सिनेमात पत्र्याचा माणूस होणाऱ्या नटाच्या फुप्फुसात ॲल्युमिनियमची पूड गेली, त्याला इस्पितळात ठेवावं लागलं आणि त्याचं काम दुसऱ्याला गेलं. आमचा फोड आलेला हात मला आठवला.

बंदरापाशी मला एक आपलेपणा भेटला तोही सांगते. इथली जहाजं मुंबई, मद्रास, कलकत्त्याला व्यापाराला येत. कलकत्त्याहून १७९६ साली अमेरिकेत पहिला हत्ती नेला तो सेलमच्याच एका कप्तानाने! तिथल्या पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये भारतातल्या वस्तू आणि चित्रं आहेत. पाय दुखत असतील तर तिथे दोन तास छान जातात.

पण खरं सेलम पाहायचं तर चार्टर स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीशेजारी जावं. तिथे १९९२ साली, तीनशे वर्षं झाली म्हणून, एक स्मारक बांधलं. बुटकी दगडी भिंत आणि तिच्यातून पुढे आलेले वीस दगडी बाक. प्रत्येकावर नाव, तारीख आणि मरण कसं आलं ते. १६९२ साली या भागात चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिलं, त्यांत चौदा बायका. विसावा एक म्हातारा. तो कोर्टापुढे काही बोलेना म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले. बाकांवर कुणी कुणी फुलं ठेवली होती.

रिबेका नर्स हे नाव मी बोटाने चाचपून वाचलं. वय एकाहत्तर, मुलानातवंडांची देवभोळी बाई. पंचांनी आधी तिला निर्दोष ठरवलं होतं. मग ओरड झाली, तिला पुन्हा एक प्रश्न विचारला. तिला कमी ऐकू यायचं. ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणंच गुन्ह्याची कबुली धरलं. १९ जुलैला फाशी. मलाही उजव्या कानाने कमी ऐकू येतं. सारा गुड नावाची एक भिकारीण होती, तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा कित्येक महिने तुरुंगात साखळदंडात ठेवलं होतं.

आणि चेटकीण ओळखायची कशी? बायकांकडूनच बायकांच्या अंगाची झडती घ्यायची. कुठे मस, चामखीळ, वाढलेलं मांस सापडलं की ती सैतानाची खूण! रिबेका नर्सने कोर्टाला कळवलं होतं की हे वयामुळे झालं आहे, पुन्हा तपासा. कोण ऐकतो?

मी चिऊच्या हनुवटीकडे पाहिलं आणि बाकाशेजारी खाली गवतावरच टेकले. लेकीला वाटलं, चक्कर आली.

मग तिला सांगितलं. साताऱ्याला आमच्या वाड्यात, मागच्या खोलीत, वडिलांच्या एक चुलती राहायच्या. आक्का. सोळाव्या वर्षी विधवा झालेल्या, घाऱ्या डोळ्यांच्या; हनुवटीवर मस आणि त्यावर दोन पांढरे केस. समोरच्या बिऱ्हाडातलं बाळ तापाने गेलं आणि आक्कांची नजर लागली असं कुजबुजणं सुरू झालं. मोठी माणसं कुजबुजायची, आम्ही पोरं ओरडायचो. १९६६ सालच्या शिमग्यात मी नऊ वर्षांची होते. चुलीतल्या कोळशाने तोंडावर सुरकुत्या काढल्या, ज्वारीची एक लाही डिंकाने हनुवटीवर चिकटवली आणि वाकून चालत सगळ्या वाड्याला आक्का करून दाखवली. लोक पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. आक्का त्यांच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि कडी लावली. त्यानंतर पुढच्या अंगणात त्या कधी आल्या नाहीत. १९७४ मध्ये गेल्या. करणी करते म्हणून एखादीला बदनाम करणं हा २०१३च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण वाड्यातली नऊ वर्षांची पोर कुठल्या कायद्यात बसणार!

चिऊने सगळं ऐकलं. तिला मराठी समजतं, बोलते इंग्रजीत. तिने विचारलं, ती छोटी मुलगी मग घरी गेली का? गेली, म्हटलं. आई नव्हती घरी, पण गेली.

आणखी एक गोष्ट तिला आवडली. शेवटच्या एका बाईचं नाव सरकारी कागदावर दोषी म्हणून तसंच राहिलं होतं. जवळच्याच एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ते पुसलं.

परतीच्या गाडीत खोबरेल बाहेर काढलं. कापसावर तेल घेऊन रंगावर मिनिटभर नुसतं धरायचं, मग वरून खाली हलक्या हाताने पुसायचं. रगडायचं नाही. घरी येऊन साबणाने धुतलं. कानामागे थोडी हिरवट झाक उरली ती दुसऱ्या दिवशी गेली. रंग ठेवून मुलांना झोपवू मात्र नका, किती का पेंगत असेनात.

३१ तारखेला चिऊने मांजर व्हायचं ठरवलं. कारण सेलम नव्हे, वर्गातल्या दोन मैत्रिणी मांजर होणार होत्या! मांजर सोपं: नाकाचा शेंडा काळा, वरचा ओठ पांढरा, दोन्हीकडे तीन तीन मिशा, पाच मिनिटांत काम. हिरवा डबा जवळजवळ भरलेला तसाच कपाटात राहिला. मी दारात बसून चॉकलेटं वाटली. चामखिळीवाल्या सात चेटकिणी आल्या, प्रत्येकीला दोन दोन दिली.

रात्री सांगलीला धाकट्या बहिणीला फोन लावला. तिच्याकडे वाड्याच्या जुन्या फोटोंची पेटी आहे. म्हटलं, आक्कांचा एखादा फोटो आहे का गं? ती शोधून म्हणाली, ताईच्या लग्नातला एक आहे, सगळ्या घराचा. आक्का अगदी मागे आहेत, खांबाशी. पदर तोंडावर धरलाय, हनुवटी दिसत नाही.

असू दे, पाठव म्हटलं.