ओट्यावरचं ऊन

आमच्या घराचा भाव पहिल्याच भेटीत बिघडला, आणि तो बायकोने बिघडवला. 2020 चा ऑक्टोबर. नाशिकच्या इंदिरानगरातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला आम्ही मास्क लावून गेलो होतो. मालक निवृत्त, मुलाकडे पुण्याला निघालेले. काकूंनी चहा टाकला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, बाहेरचा कडुलिंब बघितला आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, बघा ना, ओट्यावर ऊन येतंय!" मालकांनी माझ्याकडे बघितलं, एजंटने मालकांकडे. तोवर 46 लाख 'थोडंफार मागेपुढे' होते. कप खाली ठेवेपर्यंत ते नुसते 46 लाख झाले.

घाई तेव्हा सगळ्यांनाच होती. सरकारने 1 सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली होती, ती 31 डिसेंबरपर्यंत. पुढे मार्चअखेर दोन टक्के. गृहकर्जाचा दर सात टक्क्यांच्या आसपास उतरला होता. राणेनगरात भाड्याच्या घरात नऊ वर्षं झाली होती. अंबडच्या कंपनीतली माझी नोकरी लॉकडाऊनमधून वाचली, आणि त्या वाचल्याच्या भरात आम्ही घर घ्यायला निघालो.

किती म्हणायचं, हा प्रश्न पडण्याआधी घर केवढं आहे हेच कळेना. जाहिरातीत 1,020 चौरस फूट. मालकांच्या 2006 च्या करारनाम्यात बिल्टअप 78 चौरस मीटर, म्हणजे 840 फूट. दुसऱ्या भेटीत मी टेप घेऊन गेलो. भिंतीच्या आत भरले 688. मालक म्हणत होते, साडेचार हजाराने देतोय. ते जाहिरातीतल्या फुटांना. माझ्या टेपने तोच भाव 6,600 च्या वर जात होता. दोघंही खरं बोलत होतो.

मग कंपनीतल्या एका सहकाऱ्याने इंडेक्स टू बघायला सांगितलं. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताचा तो गोषवारा. मोबदला किती, सरकारी बाजारमूल्य किती, क्षेत्रफळ किती, कोणी कोणाला विकलं, सगळं त्यात असतं आणि नोंदणी विभागाच्या साइटवर कोणालाही बघता येतं. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकायचा. गाव 'इंदिरानगर' शोधून काही सापडेना. कागदोपत्री तो भाग मौजे वडाळा निघाला. आठवडाभर जेवणं झाल्यावर मी तेच करत बसलो. आई म्हणाली, लोकांच्या घरात काय डोकावतोस.

आसपासच्या तीन नोंदी कामाच्या निघाल्या. एक चौरस मीटरला 48,600 ने, एक 51,200 ने आणि तिसरी चक्क 39,000 ने. पहिल्या दोन धरल्या तर आमच्या 78 मीटरचे 38 ते 40 लाख होत होते. तिसरीने मी हरखून गेलो. मामाने हवा काढली. "अरे, तो कागदावरचा भाव. कागदाबरोबर पिशवी गेली असणार. पिशवीची नोंद कुठे असते?"

आता आमच्या बाजूचं गणित. तीस लाखांच्या वर कर्ज लागलं की बँक किमतीच्या ऐंशी टक्केच देते, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. तो आपल्या खिशातून. आमची जमा 12 लाख. 41 लाखांना घर घेतलं तर कर्ज 32 लाख 80 हजार, हप्ता पंचवीस हजार चारशेच्या आसपास. पदरचे 8 लाख 20 हजार, मुद्रांक सव्वा लाखाच्या जवळ, नोंदणी 30 हजार, एजंटचा एक टक्का, वकिलाचा सर्च रिपोर्ट, आणि दुरुस्तीला दीड लाख. जमा तळाला जात होती. म्हणून 41 च्या वर एक रुपया नाही, हे मी वहीत लिहून बायकोची त्याखाली सही घेतली. ती हसली, पण सही केली. घराची किंमत मला तोपर्यंत कळली नव्हती. आपली कळली होती.

मामा म्हणाला, 36 पासून सुरू कर. माझी जीभ रेटेना. ज्यांच्या घरी दोनदा चहा प्यायलो त्या माणसाला त्याच्या मागणीपेक्षा दहा लाख कमी सांगायचे? मी साडेसदतीस म्हणालो. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मोटारसायकल घ्यायला आलात का?" त्यांचे 46 वरून 44 झाले आणि आम्ही खाली उतरलो.

उतरताना आठवलं, मागच्या बेडरूमची एकच भिंत ताजी रंगवलेली होती. ऑक्टोबरात पाऊस लांबला होता, तेवढंच निमित्त करून मी पावसाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कपाट थोडं पुढे ओढायला सांगितलं. मागे हाताएवढी ओल. काका ओशाळले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काकू दारात उभ्या होत्या आणि मलाच चोरी पकडली गेल्यासारखं झालं. भाव करताना या गोष्टी कोणी सांगत नाही.

एजंट रोज फोन करू लागला. "साहेब, दसऱ्याला टोकन टाका, दुसरी पार्टी 43 ला तयार आहे." 25 ऑक्टोबरला दसरा होता. आईला मुहूर्त हवा होता, त्यामुळे घरात मी एकटा पडलो. वही काढून दाखवली. दसरा गेला. दिवाळीचा पाडवाही गेला. 43 वाली पार्टी काही उगवली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी काकांचाच फोन आला. सूट संपली की गिऱ्हाईक आटेल, ही भीती त्यांनाही होती, हे मला तेव्हा कुठे उमगलं. ते म्हणाले, "सरकारने तुम्हाला सव्वा लाख सोडलेत. त्यातलं मला काही द्याल की नाही?" हा मुद्दा मला खोडता आला नाही. पुढे म्हणाले, 41 करू, त्यातले तीन लाख रोख. मी नाही म्हटलं. त्यात तत्त्वाचा भाग थोडा होता, खिशाचा जास्त. कागदावर 38 आले की बँक त्याचेच ऐंशी टक्के देणार. तीन लाखांची पिशवी मी कुठून आणणार होतो? शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं 2015 पासून कायद्याला मंजूर नाही, हेही मी ऐकवलं. काका म्हणाले, "कायदा मला शिकवू नका, भाव बोला."

40 लाख 25 हजारांवर जमलं. सगळे चेकने. पंखे, गीझर आणि किचन ट्रॉल्या तिथेच राहणार. मुद्रांक डिसेंबरात भरला, खरेदीखत जानेवारीत नोंदलं. तेवढी चार महिन्यांची मुभा होती.

मार्च 2021 मध्ये वरच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट विकला गेला. मी अर्थात इंडेक्स टू बघितला. 38 लाख 90 हजार. तो गच्चीखालचा आहे, उन्हाळ्यात तापतो, हे मी बायकोला लगेच सांगितलं. त्यात पिशवी होती की नव्हती, हे शेजाऱ्याला विचारायची सोय नाही. एवढं खरं की लाख-सव्वालाख आमचे जास्त गेले असावेत, आणि ते मी त्या कडुलिंबाच्या खात्यावर टाकतो. सकाळी ओट्यावर ऊन येतं. बायको तिथेच चहा पिते.

आमचीही नोंद आता साइटवर आहे. मौजे वडाळा, सन 2021, 78 चौरस मीटर. त्या भागात घर बघत असाल आणि ती सापडली, तर हिशोबाला बिनधास्त धरा. मोबदल्याच्या रकान्यात जे लिहिलंय, तेवढेच पैसे आम्ही दिलेत.