हजेरीपटावरचा सलीम

सईद अख्तर मिर्झांचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता आणि सर्वांत उणा कोणता, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. आम्ही चौघं पुण्याच्या पूर्व भागातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत डबे उघडले की पगार, निवडणुकीची कामं आणि मिर्झा हे तीन विषय निघतातच. पहिल्या दोन विषयांवर भांडण होत नाही. तिसऱ्यावर होतं.

मिर्झा तसे पुण्याला परके नाहीत. प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते १९७६ साली बाहेर पडले आणि पुढे २०११ पासून काही वर्षं त्याच संस्थेचे अध्यक्षही होते. आमच्या अम्मी-अब्बांच्या पिढीला ते दूरदर्शनवरच्या ‘नुक्कड’मुळे ठाऊक. आम्ही मात्र त्यांचे चित्रपट फार उशिरा, लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर पाहिले.

१९७८ ते १९९५ या काळात त्यांनी पाच कथापट केले. ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’, ‘मोहन जोशी हाज़िर हो!’, ‘सलीम लंगड़े पे मत रो’ आणि ‘नसीम’. पाचही शीर्षकांत माणसाचं नाव आहे. शिक्षकाच्या नजरेला तो एकाच वर्गाचा हजेरीपट वाटतो. अरविंद, अल्बर्ट, मोहन, सलीम, नसीम. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर यांतली शेवटची दोनच नावं सापडतील. आणि आमचा वादही याच दोघांपाशी येऊन थांबतो.

पहिल्या तिघांचा निकाल आम्ही लवकर लावतो. श्रीमंत बापाचं सुख सुटत नाही आणि मनाची टोचणीही जात नाही, असा अरविंद देसाई. त्याची गोष्ट आम्हाला थंड वाटते. या नायकाविषयी आतून काही हलत नाही. इतिहासाच्या सरांच्या मते हाच सर्वांत उणा. अल्बर्ट गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. श्रीमंत गिऱ्हाइकांना दोस्त समजतो आणि संपकरी कामगारांवर चिडतो. गिरणी कामगार असलेल्या त्याच्या बापाला गुंडांनी मारल्यावर त्याच्या रागाला खरी दिशा मिळते. नसीरुद्दीन शाह यांनी तो राग असा उभा केला आहे की जागोजागची भाषणंही आपण ऐकून घेतो. मोहन जोशींबद्दल तर वादच नाही. चाळीच्या दुरुस्तीसाठी घरमालकावर दावा लावलेला म्हातारा कोर्टात झिजतो. शेवटी न्यायाधीश पाहणीला येणार म्हणून मालक इमारतीला तात्पुरते टेकू लावतो, आणि म्हातारा ते टेकूच उपसतो. पेठांतले टेकूवर उभे वाडे रोज पाहणाऱ्या पुणेकराला हा शेवट समजावून सांगावा लागत नाही.

मग येतो सलीम. १९८९ चा हा चित्रपट. मुंबईतल्या मुस्लिम मोहल्ल्यातला लहानसहान गुंडगिरी करणारा तरुण. बाप गिरणीतून बेकार झालेला, आई शिवणकाम करणारी. पवन मल्होत्रांचा सलीम लंगडत चालतो तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाला शाळा सोडून गेलेला एखादा मुलगा आठवतो. गणिताच्या आपा म्हणतात, “बाकी काही म्हणा, हा आपल्या वर्गातून उठून गेलेला पोरगा आहे.” आठवीपर्यंत मागच्या बाकावर असलेली मुलं नववीत गॅरेजमध्ये दिसतात, हे आम्हाला नवं नाही.

याच चित्रपटात अस्लम आहे. उर्दू छापखान्यात मुद्रितं तपासणारा, शिकलेला, तुटपुंज्या कमाईचा. तालीम, कौमचं मागासलेपण, आपली जबाबदारी यांविषयी तो जे बोलतो त्यातलं एकही वाक्य आम्हाला नाकारता येत नाही. तरीही आमच्या मते चित्रपटाची सर्वांत कच्ची जागा तीच. अस्लम बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून दिग्दर्शक बोलतो. त्याला भूक लागत नाही, त्याचा तोल जात नाही, तो कुठे चुकत नाही. तो फक्त बरोबर असतो. विज्ञानाच्या सरांना हे मान्य नाही. ते म्हणतात, हिंदी पडद्यावर आपल्याला एक तर नवाब दाखवलं, नाही तर कव्वाल, नाही तर हिरोचा जीव देणारा दोस्त. तिथे छापखान्यातला एक साधा, शिकलेला माणूस पहिल्यांदा आपल्याच माणसाला चार शब्द सुनावतो, तर त्याला थोडं भाषण माफ असावं.

‘नसीम’ १९९५ चा. १९९२ च्या जूनपासून ६ डिसेंबरपर्यंतचे दिवस. पंधरा वर्षांची शाळकरी नसीम, म्हणजे आपल्या औरंगाबादची मयूरी कांगो, आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा, म्हणजे कैफी आझमी. बाहेर वातावरण तापत जातं आणि आत आजोबा नातीला फाळणीपूर्व आग्र्याच्या गोष्टी सांगत राहतात. पाकिस्तानात का गेला नाहीत, या प्रश्नाला ते दारातल्या झाडाचं कारण देतात. तुझ्या दादीला ते झाड फार आवडायचं, एवढंच. देशप्रेमावर एक शब्द नाही. मशीद पडते त्याच दिवशी आजोबा जातात. इथे कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणून हा मिर्झांचा सर्वांत चांगला चित्रपट, असं आमच्यातले तिघं मानतात. त्यानंतर मिर्झांचा पुढचा कथापट यायला २००९ साल उजाडलं.

पण ‘नसीम’विषयीही एक खंत उरते, आणि ती आपांनीच बोलून दाखवली. हे आजोबा आपले नाहीत. आमच्या घरांतले आजोबा आग्र्याचे नव्हते. कुणी बागवान, कुणी अत्तार, कुणी शिकलगार. मंडईत मराठीत भाव करणारे, घरी दखनी बोलणारे, आषाढीच्या वारीला रस्त्यावर पाणी देणारे. त्यांनी आम्हाला गझला ऐकवल्या नाहीत. पानशेतच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनाही १९४७ ला हाच प्रश्न पडला असेल आणि त्यांच्याही दारात एखादं चिंचेचं झाड असेल. ते झाड अजून कुठल्या पडद्यावर आलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

हा मिर्झांचा दोष नव्हे. त्यांनी त्यांची मुंबई दाखवली, आणि स्वतःच्या समाजाआधी अल्बर्टची आणि मोहन जोशींची दाद लावली, हे त्यांचं मोठेपण. उरलेलं काम आमच्यासारख्यांचं आहे. मराठीत लिहिणाऱ्यांचं, आणि मराठीत लिहू शकतील अशी मुलं घडवणाऱ्यांचं.

दहावीच्या निरोपानंतर मुलांना एक चित्रपट दाखवायचा ठरला, तेव्हा आम्ही मतं घेतली. सर्वांत चांगला म्हणून तीन मतं ‘नसीम’ला पडली होती. दाखवायचा कोणता, यावर मात्र चारही मतं ‘सलीम’ला पडली. सुधारायचं ठरवलेला सलीम बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच मारला जातो, तिथे वर्गात कुणी हललं नाही. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा अस्लमविषयी विचारू लागला. “सर, तो प्रूफ वाचणारा, त्याला पगार किती मिळत असेल?”

अस्लमच्या साऱ्या भाषणांना या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. आम्हालाही.