तळाचे तेल

मराठी व्याकरण शिकविण्यात आमची ३० वर्षे गेली आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हांस चेनकेस म्हणजे काय ते शिकावे लागले. निमित्त झाले पुतण्याचे. बेळगावात भराव आणि सपाटीकरणाची लहानसहान कामे घेता यावीत म्हणून त्याने एक जुना स्किड स्टिअर लोडर घ्यावयाचे ठरविले. कंपनी कोणतीही असो, या यंत्राला लोक सरसकट 'बॉबकॅट'च म्हणतात. पैशांत आमच्या भविष्यनिर्वाह निधीचा मोठा हिस्सा होता. तेव्हा यंत्र पाहावयास आम्हीही गेलो. पैसे देणाऱ्यास मत असतेच!

हे यंत्र वळते मोठे मौजेने. चाके तिरपी होत नाहीत. एका बाजूची दोन्ही थांबतात, दुसऱ्या बाजूची फिरतात आणि सारे धूड जागच्या जागी घसटत वळते. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांतील घाण उपसण्यासाठी याचा तीनचाकी पूर्वज घडविला. आजच्या यंत्राच्या दोन्ही अंगांना एकेक बंद पेटी असते. तीत तेलात बुडालेल्या साखळ्या मोटरचा जोर चाकांना पोचवितात. हीच चेनकेस.

विक्रेत्याने पेटीचा प्लग काढताच स्वच्छ तेल भळाभळा वाहू लागले. आम्ही बोट बुडवून निर्वाळा दिला, "तेल भरपूर आहे. मालकाने काळजी घेतलेली दिसते." पुतण्या घुटमळत होता. आमच्या शब्दावर त्याने इसार दिला.

३ आठवड्यांत डावीकडून करकर ऐकू येऊ लागली. पुढे-मागे करताना यंत्र हिसका देई. मिस्त्रींनी झाकण उघडले.

"गुरुजी, हे तेल न्हवं, ताक झालंय."

तेल प्लगच्या भोकाशी येऊन थांबावे. ते वाहिले म्हणजे पेटीत काहीतरी परके शिरले. कधी मोटरच्या सीलमधून हायड्रॉलिक तेल उतरते. आमच्या नशिबी पाणी होते. आसांचे ऑइल सील झिजलेले, त्यावर जोरदार फवाऱ्याची धुलाई आणि मग पावसाळाभर यंत्र उघड्यावर. जड पाणी तळाशी बसले, त्याने तेलाला वर उचलून धरले. आम्ही पाहिले ते वरचे.

हातपंपाने पेटी उपसली, तळाचा चिखल खरवडला. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. डिझेलने धुऊन, पुसून २ बेअरिंगे, सारे सील आणि १ साखळी नवी घातली. "उजवी बाजू तरी बरी असेल?" आम्ही भीत भीत विचारले. मिस्त्रींनी उत्तर न देता पाना उचलला. तिकडेही पाणी होतेच. साखळी तेवढी शाबूत निघाली. तोवर पुतण्याच्या हातचे एक काम गेले. तो आम्हांस एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आता तो दर महिन्यास सपाट जागी यंत्र उभे करून प्लग काढतो. धुताना फवारा आसांकडे नेऊ देत नाही. परवाच्या रविवारी आम्ही खाली थाळी धरून बसलो होतो. तेल भोकाशी येऊन थांबले.

"काका, बरोबर आहे."

"नळी घाल," आम्ही म्हणालो. "तळाचे दाखव."